मयत इसम कोठे राहत होता?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुमच्या कादंबरीची नायिका विट्याजवळच्या एका गावची असून लग्नानंतर सांगलीत राहते. तिचा थोरला भाऊ विशीत असताना गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत सेलमला गेला, बावीस वर्षे तिथेच राहिला आणि घरच्यांच्या माहितीप्रमाणे अविवाहित राहिला. दरवर्षी भाऊबीजेला तो दोन दिवसांसाठी येत असे. एके दिवशी तो हृदयविकाराने जातो आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीत बहिणीला तीन गोष्टी सापडतात: एका अनोळखी बाईचे नाव नॉमिनी म्हणून असलेली मुदत ठेवीची पावती, कोणा मुलीच्या शाळेच्या फीच्या पावत्या आणि तमिळ लिपीतील एक वही. तुमची एकशे ऐंशी पाने लिहून झाली आहेत. ज्यांनी ती वाचली त्यांनी चाळिसाव्या पानावरच ‘याचे तिकडे दुसरे घर असणार’ हे ओळखले, आणि शेवट वाचून कोणाच्याच मनाला काही झाले नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की गुपित आणखी मोठे करावे का. भावाला सोन्याच्या तस्करीत किंवा एखाद्या खुनात गुंतवावे का.

करू नका, असे माझे उत्तर आहे. त्यामागची कारणे सांगण्यापूर्वी मी हे कोणत्या अनुभवावरून बोलते ते सांगायला हवे. मी सांगलीत अठ्ठावीस वर्षे दिवाणी वकिली केली आणि त्यातील बहुतेक कामे वारसा हक्काची होती. त्याच काळात दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिल्या, आणि आता नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचून देते. काही गोष्टी तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत, आणि उत्तराचा बराच भाग त्यांवर अवलंबून आहे. वडील हयात नाहीत आणि आई आहे, असे मी धरून चालते. आई नसेल तर कादंबरीची रचनाच बदलेल, कारण माझ्या मते तुमच्या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती तीच आहे, जरी तुमच्या प्रकरणांच्या यादीत ती तिसऱ्या प्रकरणानंतर कुठेच दिसत नाही.

वाचकांनी गुपित आधीच ओळखले याचे तुम्ही फार वाईट वाटून घेऊ नका. घरातून दूर राहणारा, लग्न न केलेला कमावता पुरुष आणि शाळेच्या फीच्या पावत्या एवढे समोर ठेवल्यावर कोणीही तेच ओळखेल. नुकसान दुसरीकडे झाले आहे. तुमच्या यादीप्रमाणे चाळिसाव्या पानापर्यंत बहीण रडते, आणि त्यानंतर ती रेल्वेची तिकिटे काढते, पत्ते शोधते, लोकांना प्रश्न विचारते आणि अंदाज बांधते. शोध सुरू झाला की तिचे सुतक संपते. खऱ्या आयुष्यात तसे होत नाही. माझ्यासमोर बसून मेलेल्या भावाचे कागद लावणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तो शोध हाच त्यांचा शोक असतो. पासबुकातील नोंद वाचताना त्यांचा हात थांबतो, कारण त्या तारखेला आपण कुठे होतो हे त्यांना आठवते. तुमच्या कादंबरीत प्रत्येक पुरावा बहिणीला भावाबद्दल काहीतरी सांगतो. त्याच वेळी तो तिच्या स्वतःच्या एखाद्या आठवणीला धक्का देत नाही. ती जोडणी झाली की गुपित लहान असूनही पुरेल.

यासाठी तुम्हाला एक कायद्यातील ओळ देते, कारण माझ्या मते तुमची पूर्ण कादंबरी तिच्यात सामावलेली आहे. ज्या रकमेला नॉमिनी नाही किंवा जिच्यावर वाद आहे, तिच्यासाठी वारसांना न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसाहक्काचे प्रमाणपत्र, घ्यावे लागते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ३७१ असे सांगते की मयत इसम मृत्यूच्या वेळी सर्वसाधारणपणे जिथे राहत होता, तिथल्या न्यायालयात अर्ज करावा. त्याचे ठरावीक निवासस्थान नसेल, तर त्याची मालमत्ता जिथे सापडेल तिथे करावा. म्हणजे अर्जाच्या पहिल्याच पानावर कोणीतरी लिहून द्यायचे असते की हा माणूस कुठे राहत होता. बाहेरगावी धंदा करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न मी विचारला की घरचे लोक एका सुरात गावाचे नाव सांगत. मग मी विचारत असे, ‘वर्षातून किती दिवस?’ त्यानंतर खोलीत जी शांतता होत असे, ती तुम्हाला या कादंबरीत पकडायची आहे.

याच प्रश्नाचे उत्तर तुमच्या नायिकेच्या हातात पहिल्या दिवसापासून असू शकते. भाऊ सेलममध्ये वारला म्हणजे मृत्यूची नोंद तिथेच होणार, आणि ती नोंद एकवीस दिवसांत करायची असते. मृत्यूच्या दाखल्यावर दोन पत्ते असतात: मृत्यूसमयीचा आणि कायमचा. कायमचा पत्ता गावाचा असेल. मृत्यूसमयीचा पत्ता दुकानाचा नसेल; तो कोणत्या तरी गल्लीतील घराचा असेल. दाखला हातात आल्यावर माणसे नाव बरोबर आहे का आणि तारीख बरोबर आहे का एवढेच पाहतात, कारण बँक तेवढेच विचारते. तुमची बहीण तो कागद आठ वेळा झेरॉक्स करते, गावातल्या कार्यालयांत देते, आणि तरीही तो मृत्यूसमयीचा पत्ता वाचत नाही. पत्र्याची पेटी उघडण्याचा प्रसंग मी असाच मागे ढकलला असता. पेटी हे लपवण्याचे ठिकाण आहे हे सर्वांना ठाऊक असते. उघड्यावर पडलेला, शिक्का मारलेला कागद न वाचणे यात बहिणीचा स्वतःचा वाटा आहे.

आता भाऊबीज. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतील कितीतरी घरांतील मुले गलाईसाठी देशभर गेली, आणि दुष्काळी पट्ट्यातील कौलारू घरांवर जो स्लॅब चढला तो त्यांच्या पैशाने. तो पैसा दिसतो, त्यामागची बावीस वर्षे दिसत नाहीत. तुमच्या नायिकेने बावीस भाऊबिजा पाहिल्या आहेत, म्हणजे भावाबद्दलची तिची सगळी माहिती अवघ्या चव्वेचाळीस दिवसांची आहे. हा आकडा तिला कधीतरी स्वतःच मोजू द्या. मग त्या भाऊबिजांमधील पाच-सहा निवडा आणि प्रत्येक पुराव्याला त्यातील एक बांधा. शाळेच्या फीची पहिली पावती ज्या जूनची आहे, त्याच वर्षीच्या दिवाळीत त्याने भाचीला पाटी-पेन्सिल न आणता नेमके तिच्या मापाचे शाळेचे बूट आणले होते. सहा वर्षांच्या मुलीच्या पायाचे माप त्याला कसे माहीत, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. एका वर्षी येण्याआधी तो फोनवर बोलत असताना मागून कोणीतरी तमिळमध्ये काही विचारले. त्याने उत्तर दिले आणि हसला. ते हसणे घरी कधी ऐकलेले नव्हते. असा आवाजाचा पुरावा कोणत्याही पेटीत सापडत नाही, म्हणून तो मला अधिक मोलाचा वाटतो.

तुमच्या शेवटाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. तुम्ही असे योजले आहे की बहीण सेलमला पोहोचते, दार उघडते, आत बाई आणि मुलगी असतात, आणि ती बाई आपण त्याची पत्नी असल्याचे सांगते. हे सांगण्याने होता कामा नये. त्याऐवजी एक फोटो घ्या, जो पंधराव्या पानावरच सर्वांनी पाहिलेला असेल. दुकानातील सामानाबरोबर तो गावी येतो. त्यात भावाच्या गळ्यात हार आहे, शेजारी एका बाईच्या गळ्यात हार आहे, मागे चार-पाच माणसे उभी आहेत आणि भिंतीवर तमिळ समाजसुधारक पेरियार रामस्वामी यांची तसबीर आहे. ना भटजी, ना अंतरपाट, ना मुंडावळ्या. बहिणीला वाटते की तिथल्या एखाद्या संघटनेने केलेला सत्काराचा फोटो आहे, आणि ती तो फ्रेम करून दहाव्याच्या दिवशी पुढे ठेवते, कारण त्याचा दुसरा चांगला फोटोच घरात नाही.

तमिळनाडूत हा फोटो लग्नाचा पुरावा आहे. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीत पुरोहिताशिवाय लग्ने लागत असत, पण ती न्यायालयात टिकत नसत. सी. एन. अण्णादुराई मुख्यमंत्री असताना १९६७ मध्ये त्या राज्यापुरते हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ आले, आणि नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांसमोर वधूवरांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे सांगून हार घातले, अंगठी घातली किंवा ताळी, म्हणजे तिथले मंगळसूत्र, बांधली, तरी ते लग्न वैध ठरू लागले. आपल्याकडच्या माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, त्यामुळे तुमचा वाचकही बहिणीबरोबर फसेल, आणि ते फसणे प्रामाणिक असेल, कारण तुम्ही काहीच लपवलेले नाही.

मग हे ओळखायचे कोणी? वकिलाने ओळखले तर ती माहिती होईल. मी हे काम आईला दिले असते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या या भागातही, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले होते, आणि त्याआधीपासून या भागात सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय लागलेली लग्ने लोकांना माहीत होती. आज सत्तरीत असलेल्या आईच्या आईवडिलांचे लग्न असे लागलेले असणे अगदी शक्य आहे. त्या म्हातारीने लहानपणापासून आपल्या आईच्या तोंडून ऐकलेले असते की हार घातले, चार माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि संसार सुरू झाला. तिच्या सुशिक्षित मुलीला त्या फोटोत सत्कार दिसतो. आईला पहिल्या नजरेत लग्न दिसते. आणि आई काही बोलत नाही. दहाव्यापासून कादंबरीच्या शेवटापर्यंत ती त्या फोटोसमोर दिवा लावते, आणि बहिणीला वाटते की ती मुलासाठी लावते आहे. मी हा धागा तुमच्या जागी असते तर बाकी सगळे सोडून आधी लिहून काढला असता.

दहाव्याचा प्रसंग तुमच्या यादीत एका ओळीत आहे. तो सविस्तर लिहा. पिंड ठेवलेले आहेत, ऊन चढते आहे, कावळे झाडावर आहेत आणि शिवत नाहीत. अशा वेळी आपल्याकडे काय होते हे तुम्ही पाहिले असेलच: कोणीतरी म्हणते, त्याची इच्छा राहिली असणार, आणि मग एकेक जण पुढे येऊन मोठ्याने शब्द देऊ लागतो. चुलता म्हणतो, शेत विकणार नाही. भावजींकडून निरोप येतो, आईला आम्ही सांभाळू. बहीण म्हणते, तुझी पेढी बंद पडू देणार नाही. कावळा हलत नाही. प्रत्येक जण मेलेल्या माणसाची जी इच्छा समजतो, ती त्याच्या स्वतःच्या मनातील काळजी असते, हे वाचकाला इथे न सांगता कळते. शेवटी आई पुढे होते आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू काहीतरी पुटपुटते. कावळा शिवतो की नाही हे तुम्ही ठरवा. मी शिवू दिला असता. आई काय म्हणाली ते मात्र कोणत्याही पानावर लिहू नका.

पुरावे कुठे आणि किती ठेवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमचे चाळिसावे पान त्याच कारणाने फुटते. तुमच्या भावाच्या धंद्यातच याचे उत्तर आहे. अशुद्ध सोन्यात सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर नायट्रिक ॲसिड आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गलाईवाला आधी त्या सोन्यात मुद्दाम चांदी किंवा तांबे मिसळतो, इतके की चार भागांत सोने साधारण एकच भाग उरावे. मग ते मिश्रण मुशीत वितळवून पातळ करतात आणि ॲसिडात टाकतात. चांदी-तांबे विरघळते आणि तळाशी सोने राहते. शुद्ध करण्यासाठी आधी भेसळ करावी लागते. तुमच्या पेटीत फक्त तीन वस्तू आहेत आणि तिन्ही पुरावे आहेत, म्हणजे निखळ सोने. तिथे विजेची बिले, चांदीच्या पैंजणांच्या वजनाच्या चिठ्ठ्या, तुटलेला काटा, मुंग्या लागलेला कडबोळ्यांचा डबा, गावच्या जत्रेच्या वर्गणीची पुस्तके, आणि बहिणीनेच कधीतरी पाठवलेल्या राख्यांची पाकिटे येऊ द्या. चारांत एक या प्रमाणात पुरावा ठेवला की वाचक ओळखणार नाही असे नाही, पण ओळखल्यावरही पुढे वाचेल, कारण उरलेल्या तीन भागांत त्याला तो माणूस भेटत राहील.

कायद्याची चौकट कमीत कमी वापरा, पण जी वापराल ती चुकू देऊ नका, कारण सांगली-साताऱ्याच्या वाचकांत वारसाच्या फेऱ्या मारलेले पुष्कळ आहेत. नॉमिनी झाली म्हणून ती बाई ठेवीची मालक होत नाही. बँक तिला रक्कम देऊन मोकळी होते, आणि ती रक्कम कायदेशीर वारसांची असते. विम्याच्या पॉलिसीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आणि शेअरसंबंधी डिसेंबर २०२३ मध्ये हेच तत्त्व सांगितले. विम्याच्या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर वेगळी सोय केली आहे, म्हणून कथेत पॉलिसी आणू नका, ठेवच राहू द्या. तुमची गोष्ट १ नोव्हेंबर २०२५ च्या आधी घडत असेल तर ठेवीला एकच नॉमिनी देता येत होता. त्यानंतर चार नावांपर्यंत देता येतात. मी आधीचा काळ निवडला असता, कारण एकाच नावाची जागा असताना त्याने आईचे लिहिले नाही, ही गोष्ट बहिणीला सलली पाहिजे.

दुसरी गोष्ट हिश्शाची. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आई पहिल्या वर्गातील वारस आहे आणि बहीण दुसऱ्या वर्गात येते, तीही वडिलांच्या नंतर. आई असेपर्यंत तुमच्या नायिकेला भावाच्या मालमत्तेत काही हक्क नाही. मुलगा अविवाहित म्हणून गेला असेल तर सर्व आईचे. लग्न सिद्ध झाले तर आई, पत्नी आणि मुलगी यांचे सारखे तीन हिस्से. याचा अर्थ असा की बहीण ज्या सत्याच्या मागे धावते आहे ते सिद्ध झाले तर तोटा तिच्या आईचा आहे, आणि आई ते सत्य पहिल्या दिवसापासून जाणते. तुम्हाला तस्करी आणि खून कशासाठी हवे आहेत, असे मी विचारते ते यामुळे. न्यायालय अशा अर्जात वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देववते. ती सेलममध्ये कोणी वाचेल का, आणि मराठीत असेल तर कोण वाचून दाखवेल, यावर एक चांगले प्रकरण उभे राहते.

महापुराबद्दल तुम्ही एक कल्पना दिली आहे, की २०१९ च्या पुरात बहिणीच्या घरात पाणी शिरले आणि भावाची जुनी पत्रे गेली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी ४५ फूट असताना, त्यामुळे हे अविश्वसनीय नाही. पण लेखकाला नको असलेला पुरावा पुराने नेला, असे वाटता कामा नये. कागद वाहून गेला की माझ्या धंद्यात काम वाढते. प्रमाणित प्रती काढाव्या लागतात आणि ज्यांनी तो कागद पाहिला होता त्या माणसांना भेटावे लागते. तसे करणार असाल तर पूर ठेवा.

आता माझ्या कामातील एक अनुभव सांगते; ओळख पटेल असे सगळे तपशील मी काढून टाकले आहेत. बाहेरगावी धंदा करणारा एक माणूस गेला, आणि त्याच्या गावच्या घरचे लोक व त्याने तिकडे केलेले घर माझ्या कचेरीत पहिल्यांदा समोरासमोर आले. भांडण होईल या भीतीने मी दोन्हीकडच्या वकिलांना बसवून ठेवले होते. तिकडच्या बाईने मयताच्या बहिणीकडे पाहिले आणि तोडक्यामोडक्या हिंदीत विचारले की तिच्या मुलाचा पाय आता कसा आहे, प्लास्टर निघाले का. मग सासूच्या गुडघ्याबद्दल विचारले. गोठ्यातील म्हशीचे नावसुद्धा तिला ठाऊक होते. जे घर यांच्यापासून लपवलेले होते, त्या घराला यांची प्रत्येक गोष्ट माहीत होती. तो माणूस रोज रात्री जेवताना गावच्या गोष्टी सांगत असे. अंधार एकाच बाजूला होता. त्या बहिणीने तोपर्यंत डोळ्यांतून पाणी काढले नव्हते. त्या प्रश्नावर ती इतकी रडली की मला काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागले.

तुमच्या तमिळ वहीचा उपयोग याच जागी करावा, असे मला सुचवायचे आहे. ती वही भावाची दैनंदिनी असेल असे वाचकाला वाटत राहू द्या. प्रत्यक्षात ती त्याच्या मुलीची निघावी: बाबांनी सांगितलेल्या आत्याच्या गोष्टी, शाळेतील निबंधासारख्या, तमिळमध्ये लिहिलेल्या. बहीण भावाचे लपलेले आयुष्य शोधायला जाते आणि तिला तिथे स्वतःचे बालपण सापडते, विहिरीत पडलेल्या कळशीसह आणि चोरून खाल्लेल्या बेदाण्यांसह. भाषांतर करणारा माणूस तिऱ्हाईत ठेवू नका. ती मुलगीच वाचून दाखवेल, आणि अडखळत हिंदीत सांगेल.

गुपिताच्या आकाराबद्दल मी इतक्या आग्रहाने का बोलते, याला एक खासगी कारण आहे. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराची चिठ्ठी निघाली. घरात कधी गुणगुणलादेखील नाही असा हा माणूस दरवर्षी तिथे जाऊन एका तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा नाद घुमावा म्हणून घोडीवर करायचे काम, लावून घेत असे. तंबोरा त्याने तिथेच ठेवला होता. महिन्यातून दोनदा तो जाई, तासभर तारा छेडत बसे आणि शेवटच्या बसने घरी येई. एवढेच. त्यात बाई नव्हती, पैसा नव्हता, गुन्हा नव्हता. आमच्या वडिलांनी लहानपणी त्याचे गाणे बंद केले होते, आणि त्या दिवशी मीच त्याची वही वडिलांना नेऊन दाखवली होती. तो तंबोरा आज माझ्या घरी आहे. इतक्या वर्षांत दोन घरे, तीन घरे, खोटी नावे असलेली अनेक गुपिते मी पाहिली, पण त्या एका चिठ्ठीने मला जेवढे दुखावले तेवढे कशानेच नाही, कारण ते दार कोणी लावले होते हे मला माहीत होते.

तुमच्या कादंबरीतही तसे एक दार हवे. भावाने का लपवले, याचे उत्तर जातीच्या किंवा समाजाच्या भीतीवर सोपवू नका. ती भीती असतेच, पण तिचे तोंड वाचकाला दिसत नाही. एका भाऊबिजेला तो ओवाळून घेताना म्हणतो, ‘अगं, तुला एक सांगायचे होते.’ माजघरात सासरची माणसे बसलेली आहेत, नणंदेचे लग्न ठरत आले आहे, आणि ती हसत म्हणते, ‘आधी जेवून घ्या दादा. आणि तिकडची काही भानगड असेल तर मला सांगूच नका, मला इथे नांदायचे आहे.’ तो तबकात पाकीट ठेवतो, जेवतो आणि जातो. हा प्रसंग विसाव्या-पंचविसाव्या पानावर, घरातील आनंदाचा म्हणून येऊ द्या. पुढे कुठेही त्याचा उल्लेख करू नका. फोटोखाली किंवा मागे लिहिलेली तारीख त्याच दिवाळीच्या आदल्या महिन्याची असली की पुरे. ती तारीख बहिणीने स्वतः वाचली पाहिजे.

पुन्हा लिहिताना मी कथेचा क्रम असा ठेवला असता: दाखला, दहावा, सत्काराचा समजलेला फोटो, ती भाऊबीज, मग पेटी, आणि सेलमचा प्रवास शक्य तितका उशिरा. प्रवासाची पाने निम्मी करा. रेल्वेतील वर्णने चांगली असली तरी ती कोणाच्याही प्रवासाची आहेत.

शेवटचा प्रसंग मी न्यायालयाच्या आवारातील टंकलेखकासमोर घडवला असता. आईच्या नावाने अर्ज तयार होतो आहे, आई बाकावर बसली आहे, आणि सांगण्याचे काम बहिणीकडे आहे. टंकलेखक नेहमीच्या सवयीने विचारतो, ‘मयत इसम सर्वसाधारणपणे कोठे राहत होता?’ ती आईकडे पाहते. आई मान हलवते. मग ती दाखला उलगडते, आणि त्यावरचा मृत्यूसमयीचा पत्ता, गल्लीच्या नावासकट, परक्या उच्चारांवर अडखळत, सावकाश वाचून दाखवते. त्या ओळीनंतर कादंबरीत एकही पान नसावे, असे मला वाटते.